घोंगडीचा काळा

आबांच्या खांद्यावरची घोंगडी कागदावर उतरली ती डांबर ओतल्यासारखी. या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच सपाट काळा. पडद्यावर मला त्याच घोंगडीचा उभा-आडवा धागा मोजता येत होता. लोकर कुठे जाड कातली गेली, कुठे पीळ सैल राहिला, काळ्यात तपकिरी केस कुठे मिसळले, सगळं दिसत होतं. कागदावर त्यातलं काहीच नव्हतं. २४ इंच रुंद, ३६ इंच लांब प्रिंट, महागाचा कापसाचा कागद, जुलैतली रात्र, बाहेर ठाण्याचा पाऊस, आणि फोटोच्या ऐन मध्यावर भोक पडल्यासारखा एक डाग.

फोटो मी माण तालुक्यात, म्हसवडच्या पुढच्या एका माळावर काढला होता. नोव्हेंबरातली सकाळ होती. वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून कोंडलेली मेंढरं आबा बाहेर काढत होते. डोक्याला लाल पटका, पांढरं धोतर, खांद्यावर काळी घोंगडी. कॅमेऱ्याच्या मागच्या चिमुकल्या पडद्यावर मी त्यांना तो दाखवला, तेव्हा त्यांनी डोळे बारीक केले आणि मान हलवली. "मोठा दे बाबा. एवढा बारका आमच्या डोळ्याला दिसत न्हाई." मी कबूल केलं. घरी मशीन होतं, रोल होता. महिन्याभरात देतो म्हणालो. दिला तो अकरा महिन्यांनी. या लेखात आहे ती त्या अकरा महिन्यांची हकिकत, आणि त्या काळात मी ज्यांच्याकडे विचारायला गेलो त्यांच्याकडून कळलेलं बरंच काही.

मशीन आमच्या घरी येऊन सहा वर्षं झाली. बंद होणाऱ्या एका स्टुडिओतून ते घेतलं. स्टँड धरून वजन शंभर किलोच्या आसपास. चौघांनी जिन्यावरून चढवलं आणि मुलीचं अभ्यासाचं टेबल दुसऱ्या खोलीत गेलं. बाजारात याला सरसकट प्लॉटर म्हणतात. वाढदिवसाचे फ्लेक्स छापणारं मशीन वेगळं. त्यात सॉल्व्हंटची शाई असते आणि बहुधा चारच रंग. आमच्या मशीनमध्ये पाण्यात मिसळलेली पिगमेंट शाई आहे, आणि नेहमीच्या रंगांच्या जोडीला फिका निळा, फिका गुलाबी, दोन राखाडी अशा टाक्या आहेत. हेड कागदावरून येरझाऱ्या घालतं आणि शाईचे थेंब सोडतं. चार पिकोलीटरच्या थेंबाचा व्यास जेमतेम २० मायक्रॉन भरतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या निम्म्याहून कमी. एप्सनच्या हेडमध्ये विजेने वाकणारा स्फटिक तो थेंब ढकलतो. कॅनन आणि एचपीच्या हेडमध्ये शाई क्षणभर तापते आणि तिच्यात उठलेला बुडबुडा थेंबाला बाहेर काढतो. दोन्ही प्रकारच्या मशीनवरच्या उत्तम प्रिंट मी पाहिल्या आहेत आणि दोन्हींवरच्या वाईटही. म्हणून कुठलं मशीन घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी घरातली खोली बघायला मागतो.

घरात बसून असं काही छापता येईल, हे तीस-पस्तीस वर्षांपूर्वी कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. ते पहिल्यांदा ज्यांच्या मनात आलं त्यांत एक गायक होता. क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश या मंडळींतला ग्रॅहम नॅश. तो फोटोही काढायचा. १९९० च्या सुमारास त्याच्या हाती आयरिस ३०४७ नावाचं यंत्र लागलं. किंमत १ लाख २६ हजार डॉलर. छापखान्यात मोठी आवृत्ती काढण्याआधी रंगांचा नमुना तपासायला ते बनवलेलं होतं. फिरत्या ड्रमला कागद गुंडाळायचा आणि त्यावर शाईचा बारीक फवारा मारायचा, अशी त्याची रीत. जाड कागद त्यात मावेना, म्हणून नॅशचा सहकारी मॅक होल्बर्ट याने त्या लाखमोलाच्या यंत्राला करवत लावली. कंपनीची वॉरंटी अर्थातच गेली. १९९१ साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच इथे त्यांनी नॅश एडिशन्स हा स्टुडिओ उघडला, आणि ते पहिलं यंत्र आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मला या गोष्टीत करवतीचं मोल फार वाटतं. यंत्र आपल्याला काय देतं इथे ते दोघे थांबले नाहीत. कागद कुठला हवा हे त्यांनी आधी ठरवलं.

त्या प्रिंटचं दुखणं एकच होतं, त्या उडायच्या. डाय प्रकारची शाई साखरेसारखी पाण्यात विरघळलेली असते आणि उजेडापुढे तिचे रेणू तुटतात. हवेतला ओझोनही रंग खातो. २००० साली घरगुती प्रिंटरवरचे फोटो काही आठवड्यांत नारिंगी पडू लागले आणि मोठा गदारोळ झाला, त्याच्या मुळाशी हेच होतं. पिगमेंट शाईत रंगाचे घन कण पाण्यात तरंगत असतात आणि ते कितीतरी चिवट निघतात. अमेरिकेत आयोवा राज्यात हेन्री विल्हेल्म यांनी आयुष्यभर हेच काम केलं: प्रिंट प्रखर दिव्याखाली ठेवायच्या आणि रंग किती उतरले ते मोजत राहायचं. १९९३ सालचं त्यांचं जाडजूड पुस्तक या विषयातला पाया मानला जातो.

आता माझ्या डांबराकडे येतो.

पहिला संशय मशीनवर जातो. माझाही गेला. दोनदा हेड क्लीनिंग केलं, म्हणजे चांगली शाई सरळ वेस्ट टँकमध्ये ओतली. फरक शून्य. मग दादरच्या एका लॅबमध्ये उभा जन्म डार्करूममध्ये काढलेल्या काकांकडे प्रिंट गुंडाळून घेऊन गेलो. त्यांनी ती उलगडली आणि आधी खोलीतली ट्यूब बंद केली. प्रिंट खिडकीशी नेली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "तुझा पडदा किती उजळ ठेवतोस रे?"

मला माहीत नव्हतं. घरी येऊन मोजला, मापकही त्यांचाच आणला होता. साधारण २८० कँडेला दर चौरस मीटर. छपाईसाठी तो ८० ते १२० च्या दरम्यान हवा. म्हणजे मी आबांना दुपारच्या उन्हात बघत होतो आणि सावलीतल्या कागदावर छापत होतो. प्रिंट काळपट येते, ही घरी छापणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची पहिली तक्रार असते, आणि बहुतेक वेळा प्रिंटचा त्यात काही दोष नसतो. पडदा स्वतः उजेड फेकतो. कागद दुसऱ्याचा उजेड घेऊन परत करतो. मी पडदा १०० वर आणला तेव्हा दोन दिवस तो आजारी माणसासारखा दिसला, मग डोळे सरावले.

खोलीतला दिवाही तितकाच महत्त्वाचा. घरातली पांढरी ट्यूब ६५०० केल्विनच्या आसपास निळसर, बैठकीतला पिवळा एलईडी २७०० ते ३०००. छपाईच्या जगात ५००० केल्विनचा उजेड प्रमाण मानतात. माझ्याकडे आता तसा एक दिवा आहे, पण शेवटचा निर्णय मी सकाळी दहाच्या सुमाराला उत्तरेच्या खिडकीतच घेतो. दोन प्रिंट एका दिव्याखाली जुळ्या दिसतात आणि दुसऱ्या दिव्याखाली एक हिरवट होते, हे तिथे किती वेळा पाहिलं त्याची मोजदाद नाही.

पडदा खाली आणला, फाईल त्या नजरेने पुन्हा दुरुस्त केली, छापली. घोंगडी थोडी उघडली. पण आता आबांचं धोतर गुलाबी आलं.

हा गुलाबी रंग मी तीन आठवडे भोगला. प्रत्येक शाई आणि कागद यांच्या जोडीची एक प्रोफाईल असते. अमुक आकडा पाठवला तर या कागदावर प्रत्यक्षात अमुक रंग उमटतो, असं शेकडो चौकोन छापून, यंत्राने मोजून केलेलं ते कोष्टक. १९९३ साली रंगव्यवहाराच्या कंपन्यांनी एकत्र येऊन आयसीसी ही संस्था काढली आणि या प्रोफाईलचा सगळ्यांना चालेल असा साचा ठरवला. ते भाषांतर एकदाच व्हायला हवं. माझ्याकडे ते दोनदा होत होतं: फोटोच्या प्रोग्रॅमने रंग बदलून दिले, आणि पुढे प्रिंटरच्या ड्रायव्हरने त्या बदललेल्या रंगांवर आपला हात फिरवला. ड्रायव्हरच्या तिसऱ्या पानावर एक खूण होती, रंग आपण सांभाळू नये असं त्याला सांगणारी. ती केल्यावर धोतर पांढरं झालं. मध्ये रोलमधला सहा फूट कागद गेला होता.

पटक्याचा लाल मात्र खूण करून सुटणारा नव्हता. तो लाल इतका भडक होता की मॅट कागदावर त्या शाईला तो गाठताच येत नाही. अशा वेळी दोन वाटा असतात. एक, जे रंग आवाक्यात आहेत ते जसेच्या तसे ठेवायचे आणि बाहेरचे सगळे कुंपणावर आणून बसवायचे. तसं केलं की पटक्याच्या घड्या गायब होतात, लाल फडकं राहतं. दुसरी, सगळाच फोटो थोडा आत ओढायचा. लाल किंचित उतरतो पण घड्या राहतात. पडद्यावर सॉफ्ट प्रूफ लावलं की दोन्ही आधी बघता येतात. मी दुसरी वाट घेतली. पटका बांधताना कापडाला जो पीळ बसतो तो मला लालीपेक्षा मोलाचा वाटला.

राहिली घोंगडी.

इथे कागदाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. मॅट कागद शाई पितो, त्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो, त्यामुळे काळ्यावर पडलेल्या उजेडातला अडीचेक टक्के उजेड तो परत पाठवतोच. बरायटा किंवा ग्लॉसी कागदावर शाई वर राहते आणि हा आकडा अर्ध्या टक्क्यापर्यंत खाली येतो. म्हणून ग्लॉसीवरचा काळा खोल विहिरीसारखा दिसतो. त्यासाठी मशीनमध्ये काळ्या शाईही दोन असतात, एक मॅटसाठी, एक चकचकीत कागदासाठी. मग ग्लॉसीच का वापरला नाही? आबांचं घर मी पाहिलं होतं. एक दार, त्याच्या समोरची भिंत, आणि संध्याकाळी एक बल्ब. त्या भिंतीवर चकचकीत प्रिंट म्हणजे आबांच्या जागी दार दिसलं असतं.

तेव्हा मॅटवरच घोंगडी विणायची होती. काकांच्या सांगण्यावरून मी काळ्याच्या पायऱ्या छापल्या: शुद्ध काळ्याचा ० आणि पांढऱ्याचा २५५ धरून, पहिल्या चाळीस पायऱ्यांचे चाळीस चौकोन. रात्रभर सुकू दिले, कारण ओल्या शाईचा काळा खोटा बोलतो. सकाळी खिडकीशी भिंग लावून पाहिलं. पहिले चौदा चौकोन माझ्या कागदावर एकच होते. पंधराव्यापासून डोळ्याला पायरी कळत होती. मग फाईलमध्ये घोंगडीचे आकडे पाहिले: बहुतेक ६ ते २२ च्या दरम्यान. म्हणजे निम्मी घोंगडी कागदाच्या तळाखाली गाडलेली होती. मशीनने कसूर केली नव्हती. मीच तिला तिथे पुरलं होतं.

सगळ्या फोटोतल्या सावल्या वर उचलल्या असत्या तर आबा धुक्यात उभे राहिले असते. म्हणून फक्त घोंगडीवर काम केलं. बगलेखालची सर्वांत खोल घडी तळाशीच ठेवली, कारण तिच्यामुळेच बाकीचं काळं काळं राहतं. खांद्यावरचा भाग १८ ते ४५ मध्ये उलगडला. डार्करूममध्ये टेस्ट स्ट्रिप काढतात तशी आठ इंचांची पट्टी छापायची, ज्यात थोडा चेहरा, थोडा पटका आणि घोंगडीचा खांदा येईल. अशा अकरा पट्ट्या झाल्या. आठव्या पट्टीत विणीचा पहिला धागा दिसला. तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना उठवलं होतं.

त्याच पट्टीत एक रेघही दिसली. खांद्यावरून आडवी जाणारी, केसासारखी बारीक, किंचित फिकी. अशी रेघ म्हणजे बहुधा एखादं नोझल, हेडमधलं शाईचं छिद्र, बंद. नोझल चेक छापला तर तो स्वच्छ, एकही फट नाही. तरीही हेड साफ केलं. रेघ तिथेच. शेवटी फाईल दुप्पट करून पाहिली, तर ती फाईलमध्येच होती. माळावरचं एखादं काटेरी काडूक असेल, किंवा घडीची धार. पुसून टाकायला एक मिनिट लागलं असतं. माऊस तिथपर्यंत नेलाही होता. पण जे आहे ते राहू दे असं वाटलं, आणि पुढच्या कामाला लागलो.

पुढचं काम पावसाचं होतं. ठाण्यात जुलैत हवेतला ओलावा ८५ टक्क्यांच्या वर जातो. इंकजेट कागदाला ४० ते ६० टक्के मानवतो. त्याच्या वरच्या थराचं कामच ओल शोषून घ्यायचं असल्याने तो हवेतलीही ओल पितो. कडा फुगतात, लाटा येतात, आणि हेड त्या लाटेवर घासून काळा ओरखडा मारतं. दोन मोठ्या प्रिंट अशा गेल्या. त्यानंतर मशीनच्या खोलीत ओल खेचणारं यंत्र आलं, रोल सिलिका जेलच्या पुड्यांसह प्लास्टिकच्या पिशवीत राहू लागला, आणि छापण्याआधी एक दिवस तो त्या खोलीतल्या हवेत मुरू लागला. नागपूरच्या एका मित्राचं दुखणं नेमकं उलटं. मे महिन्यात तिथे हवा इतकी कोरडी की नोझलमधली शाई सुकते. तो मशीनच्या खोलीत वाळ्याचा कूलर लावतो. यंत्रासोबतची पुस्तिका दोघांनाही एकच मिळते, म्हणून गावाची हवा ज्याने त्याने जाणावी.

आणखी एक गोष्ट खास आपल्याकडची. बाहेर पडताना भिंतीवरचा स्विच बंद करायचा, हे आपल्या हाडात आहे. मशीन स्वतःच्या बटणाने बंद केलं की हेड जाऊन टोपीखाली बसतं आणि ओलसर राहतं. छपाई चालू असताना भिंतीवरून वीज तोडली किंवा लाईट गेली, तर ते मध्येच उघडं लटकतं. ऑगस्टमध्ये आमच्याकडे तसं झालं. लाईट गेली ती रात्रभर, आणि दोन रंगांची नोझल परत यायला चार दिवस लागले. यूपीएस त्याआधीच घ्यायला हवा होता. शिवाय दर आठवड्याला काहीतरी छापायचं, मुलीचा शाळेचा तक्ता का असेना. बसून राहिलेलं मशीन चालत्या मशीनपेक्षा जास्त शाई खातं.

कागदाबद्दल थोडं. मी वापरतो तो जर्मनीतल्या हानेम्युलेचा, ३०८ ग्रॅमचा, पूर्ण कापसाचा. ही गिरणी १५८४ पासून कागद करते. आपल्या पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागदही मी मोठ्या आशेने मशीनमध्ये घातला होता. हाताला तो अतिशय गोड लागतो. पण शाई धरणारा थर त्यावर नाही, रंग आत जिरतात आणि विझतात. त्यावर काळ्या-करड्यातली चित्रं सुंदर येतात, आबा येत नाहीत. पांढऱ्याशुभ्र कागदांपासून मात्र मी दूर राहतो. आपल्या घरात पूर्वी धोतरं टिनोपालमध्ये बुडवायचे. त्याच जातीचं रसायन या कागदांत असतं; उजेडातला जांभळ्यापलीकडचा अदृश्य भाग घेऊन ते निळसर चमकतं. वर्षं जातात तशी ती चमक ओसरते आणि कागद पिवळट होतो. आबांचं धोतर माळावरच्या मातीत धुतलेलं होतं. कापसाचा उबदार पांढराच त्याला शोभला.

लोक विचारतात की साध्या २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्यातून एवढी मोठी प्रिंट निघते का. ६००० ठिपके ३६ इंचांत पसरले की इंचाला १६७ येतात, आणि सगळीकडे ३०० चा आकडा ऐकलेला असतो. तो आकडा हातात धरून, फुटावरून बघायच्या फोटोचा आहे. निरोगी डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाइतकं वेगळेपण कळतं. फुटावर ते इंचाला सुमारे ३०० ठिपके होतात, मीटरभर अंतरावर ९० च्याही आत. भिंतीवरचा फोटो माणसं मीटरभरावरून बघतात.

पाऊस ओसरला, आश्विनात हवा कोरडी झाली आणि सगळं जुळून आलं. प्रिंट एका सकाळी उतरली. तिच्यातली शाईची ओल पूर्ण उडावी म्हणून तीन दिवस मोकळी ठेवली. घाईने काचेत घातली की आतून काचेवर धुरकट साय धरते. मग नळीत गुंडाळून, फ्रेम गाडीत टाकून म्हसवडला निघालो. दिवाळीनंतर मेंढरं चरायला लांब जाणार होती, त्याआधी पोचायचं होतं.

ओसरीवर आबांनी घोंगडी अंथरली, तीच. मी त्यावर कागद पसरला आणि चारी कोपरे धरून बसलो. आबांनी स्वतःचा चेहरा क्षणभर पाहिला आणि लगेच मागच्या मेंढरांकडे वळले, एकेक बोटाने दाखवू लागले, ही विकली, ही आहे, ही पावसात गेली. आजी चुलीपुढून उठून आल्या. मॅट कागदाला बोट लावायचं नसतं, घामाचा डाग बसतो. हे सांगायला मी तोंड उघडलं, तोवर त्यांचा तळवा खांद्यावरच्या घोंगडीवर पोचला होता. विणीवरून तो हळूहळू फिरला आणि त्या आडव्या रेघेवर थांबला.

"ह्यो टाका माजा हाय," आजी म्हणाल्या. "बाभळीला फाटली व्हती. पांढरा दोरा व्हता घरात, काळा गावला न्हाई."

आबांनी प्रिंटची कड उचलली, खालची घोंगडी चाचपली, आणि तिचा खांदा वर ओढून माझ्यापुढे धरला.